डोळा लवतोय की मिटतोय? पापण्यांचे झटके आणि डोळ्यांचा कोरडेपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापूर भागात मी नेत्रतपासणीचं काम करते. मी डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढते, डोळ्याचा कोरडेपणा बघते आणि गरज दिसली की पुढं पाठवते. माझी निपाणीची आत्या चार वर्षं 'डोळा लवतोय' एवढंच सांगत दवाखाने फिरली. तिला काय झालंय हे माझ्यासकट कुणालाच वेळेवर कळलं नाही. तेव्हापासून खुर्चीत बसलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, की डोळा लवतो, की आपोआप मिटतो? खानापूर, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वरहून येणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलेत.

लवणं आणि मिटणं यात फरक काय?

खूप फरक आहे. लवतो तेव्हा पापणीच्या कडेला, बहुतेक वेळा खालच्या पापणीत, बारीक फडफड होते. आपल्याला ती जाणवते, समोरच्याला नीट दिसतही नाही. डोळा उघडाच राहतो. ही फडफड एकाच डोळ्याला असते, जाते, येते, आणि काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत थांबते. जागरण, ताण, चहा-कॉफीचा अतिरेक, डोळ्यांवर पडलेला ताण ही नेहमीची कारणं. याला औषध लागत नाही, झोप लागते.

मिटतो तेव्हा डोळ्याभोवतीचा अख्खा स्नायू आवळला जातो. दोन्ही डोळे एकदम घट्ट बंद होतात, भुवया खाली ओढल्या जातात, आणि माणूस ठरवूनही ते उघडू शकत नाही. काही सेकंद, कधी त्याहून जास्त. या आजाराला ब्लेफेरोस्पाझम म्हणतात.

उजवा डोळा लवला की चांगलं होतं म्हणतात. मग उपचार कशाला?

पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा लवणं शुभ, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. साधी फडफड आपोआप थांबते, त्यामुळे तिच्यापायी नुकसान होत नाही. नुकसान होतं ते डोळे मिटायला लागल्यावरही घरात शुभ-अशुभाचीच चर्चा चालते तेव्हा. आत्याच्या बाबतीत पहिलं अख्खं वर्ष असंच गेलं.

ब्लेफेरोस्पाझम नेमका कशानं होतो?

हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागांच्या कामात बिघाड होतो आणि पापणी मिटवणाऱ्या स्नायूला नको तेव्हा 'आवळ' असा हुकूम जातो. एखाद्या ठरावीक भागाचे स्नायू असे आपोआप आवळले जाण्याला डिस्टोनिया म्हणतात. मान वाकडी ओढली जाते तो आजार किंवा लिहिताना हात आखडतो तो आजार, हीसुद्धा याचीच भावंडं.

हा आजार साधारण पन्नाशी-साठीत सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. सुरुवात फार साधी असते. पापण्यांची उघडझाप वाढते, उन्हात डोळे उघडवत नाहीत, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. म्हणूनच सगळ्यांना तो कोरडेपणाच वाटतो. पुढं काही जणांचा जबडा, ओठ आणि जीभही ओढली जाते. त्याला मेज सिंड्रोम म्हणतात. फ्रान्सचे मेंदूविकारतज्ज्ञ आंरी मेज यांनी 1910 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

मग सुरुवातीला 'कोरडे डोळे आहेत' असं सांगतात ते चूक का?

बऱ्याचदा चूक नसतं, अपुरं असतं. हा प्रश्न मी सगळ्यात सावकाश समजावते.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीचा हा पडदा शरीरातल्या सगळ्यात संवेदनशील जागांपैकी एक आहे. धुळीचा कण गेला तर जीव कासावीस होतो तो यामुळेच. त्याच्यावर अश्रूंचा पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात खाली चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेलाचा तवंग असतो. तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीनं बसलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून. हा तवंग पातळ झाला की पाणी उडून जातं, उकळत्या दुधावरची साय काढल्यावर वाफ जोरात निघावी तसं.

थर फाटला की कॉर्नियाच्या नसा मेंदूला कळवतात. हे कळवण्याचं काम पाचव्या मज्जातंतूचं. मेंदू सातव्या मज्जातंतूतून पापणीला हुकूम देतो : मिट. पापणी मिटते, अश्रू पुन्हा पसरतात, काम भागतं. निरोगी माणसात हे मिनिटाला पंधरा-वीस वेळा चालतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

ब्लेफेरोस्पाझममध्ये मेंदूचा लगाम आधीच सैल झालेला असतो. त्यात कोरड्या डोळ्याकडून सारखी तक्रार जात राहिली तर पापणी एकदा मिटून थांबत नाही, ती आवळतच राहते. म्हणजे कोरडेपणा या आजाराला चिथावतो. पण लगाम सैल असताना नुसते थेंब घालून पापणी शांत होत नाही, आणि पृष्ठभाग खरबरीत ठेवून नुसत्या पापणीवर उपचार केले तरी आराम अर्धाच मिळतो. दोन्हीकडून हात घालावा लागतो. आत्याला तीन वेळा चष्मा बदलून मिळाला, चार प्रकारचे थेंब मिळाले, पण पापणीकडे कुणी बघितलं नाही. त्यातला एक चष्मा मीच बनवून दिला होता.

डोळ्यातून तर धारा लागतात. मग डोळा कोरडा कसा?

डोळा खुपला की अश्रुग्रंथी घाईनं पाणी सोडते. या पाण्यात तेलाचं प्रमाण नीट नसतं, त्यामुळे ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. बाहेर पाणी आणि आत कोरड, अशी अवस्था होते. वाऱ्यात मोटरसायकलवर किंवा चुलीपुढं पाणी जास्त येतं ते याच कारणानं.

कोरडेपणा तपासायला काय करतात? दुखतं का?

दुखत नाही. डोळ्याला पिवळा-नारिंगी रंग लावून स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, निळ्या उजेडात बघतात. एकदा पापणी मिटायला सांगतात आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर थर कच्चा समजतात. दुसरी शर्मर टेस्ट. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून ती किती भिजली ते बघतात. पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणी फारच कमी आहे.

पापण्यांच्या कडा, उलटे वाढलेले केस, पापणीखाली अडकलेलं कूस हेही बघायलाच हवं. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे सुजत असतील तर ते आवर्जून सांगा. संधिवाताच्या काही प्रकारांत अश्रुग्रंथी सुकतात.

विडीचं काम, माग, गुऱ्हाळ यांचा काही संबंध आहे का?

या कामांमुळे ब्लेफेरोस्पाझम होतो असं मी म्हणणार नाही. पण डोळ्याचा पृष्ठभाग खराब होतो, हे मी रोज बघते. निपाणीकडच्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान खाली घालून विड्या वळतात. नजर एका जागी खिळली की पापण्यांची उघडझाप थांबते, वर तंबाखूची खकाणी उडते, आणि त्याच हातानं डोळा चोळला जातो. वडगाव-खासबागेतल्या मागावर सुताचे तंतू उडतात. उद्यमबागेत फौंड्रीची वाळू आणि उष्णता. गुऱ्हाळावर चुलवाणाचा धूर, आणि ऊस गेल्यावर शेतात पाचट पेटवतात त्याचाही. मोबाईल आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप तर निम्म्याहून खाली येते.

काम सोडा असा सल्ला देणं सोपं आहे, ते मी देत नाही. वीस मिनिटांनी मान वर करून दारातल्या झाडाकडं बघा आणि दहा वेळा पापण्या पूर्ण मिटा-उघडा. डोळ्याला हात लावण्याआधी साबणानं धुवा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. वाळू आणि धुराच्या जागी बाजूनं बंद असलेला साधा चष्मा लावा. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात हवा ओलसर असते तेव्हा त्रास कमी वाटतो, अथणीकडच्या कोरड्या वाऱ्यात तो वाढतो. ज्यांचं दोन्हीकडे जाणं-येणं आहे त्यांना हा फरक लगेच कळतो.

घरचे म्हणतात मुद्दाम करते, सोंग आहे. हा मनाचा आजार आहे का?

नाही. हा मेंदूतल्या हालचालींच्या यंत्रणेचा आजार आहे. ताण आला, चारचौघांत जावं लागलं, थकवा आला की झटके वाढतात हे खरं, पण ताणानं रक्तदाबही वाढतो म्हणून त्याला कुणी सोंग म्हणत नाही.

संशय येण्याचं एक कारण आहे, ते घरच्यांनी समजून घ्यावं. या आजारात काही कृती केल्या की डोळे उघडे राहतात. कुणी कानशिलावर बोट ठेवतं, कुणी भुवईला हात लावतं, कुणी गुणगुणतं, काही चघळतं. आत्या दळण निवडताना ओवी म्हणायची तेव्हा तिचे डोळे टक्क उघडे असायचे. ओवी थांबली की पाच-दहा मिनिटांत पुन्हा मिटायचे. शेजारणी म्हणायच्या, 'गाणं म्हणताना बरं दिसतंय हिला.' ती रडून सांगायची, 'मुद्दाम डोळं मिटतो व्हय मी? मला तांदळातला खडा दिसंना झालाय.' स्पर्शानं किंवा गाण्यानं झटका थांबणं ही डिस्टोनियाची ओळख पटवणारी खूण आहे. तिच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून जे दाखवलं जात होतं, तेच तिच्या आजाराचं निदान होतं.

झोपेत हे झटके थांबतात. सकाळी उठल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, तेही सोंग नव्हे.

माझा एकाच बाजूचा डोळा मिटतो आणि गालही ओढला जातो. हाच आजार का?

बहुधा नाही. हा हेमिफेशियल स्पाझम असू शकतो. त्यात मेंदूतून निघालेल्या सातव्या मज्जातंतूवर बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. हे झटके झोपेतही चालू राहू शकतात. यासाठी एमआरआय करतात, आणि बोटॉक्सच्या इंजेक्शनाखेरीज (त्याबद्दल पुढं सांगते) ऑपरेशनचाही पर्याय असतो. तोंड वाकडं होऊन डोळा मिटतच नसेल तर ते तिसरंच. तसं एकाएकी झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, वाट बघू नका.

एखाद्या गोळीमुळे असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. हा प्रश्न फारच कमी लोक विचारतात. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, आणि आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळून दिलं जाणारं लेव्होसल्पिराइड यांनी डोळे, तोंड, जबडा यांच्या नको त्या हालचाली सुरू होऊ शकतात. पित्ताची गोळी म्हणून लोक ती महिनोन्‌महिने घेतात आणि डोळ्याच्या डॉक्टरांना सांगतही नाहीत, कारण पोटाच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध! घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांच्याशी बोला.

मेडिकलमधून थेंब आणून घातले तर चालतात का?

कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा, कारण टिकण्यासाठी घातलेलं रसायनच डोळ्याला बोचायला लागतं. तेलग्रंथी तुंबल्या असतील तर कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, मग पापणी हलक्या हातानं केसांच्या दिशेनं चोळा. रोज करायचं, आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही.

लाली घालवणारे आणि स्टिरॉइड असलेले थेंब चिठ्ठीशिवाय आणू नका. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र दिसतो, म्हणून लोक बाटलीवर बाटली संपवतात. स्टिरॉइडनं डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही.

मध, एरंडेल, गुलाबपाणी, अंगावरचं दूध?

काहीही घालू नका. यातलं काहीच निर्जंतुक नसतं. तंबाखूचा चुना डोळ्यात गेला तर मात्र एक क्षण न दवडता स्वच्छ पाण्याची धार कमीत कमी पंधरा मिनिटं धरा आणि मग धावा. चुना कॉर्निया जाळतो, आणि घरात पडलेल्या चुन्याच्या पुडीशी खेळताना हे लहान मुलांना होतं.

शक्तीची इंजेक्शनं, बी-ट्वेल्व्ह घेतलं तर थांबेल?

ब्लेफेरोस्पाझम त्यानं थांबत नाही. कमतरता असेल तर तिच्यासाठी घ्या.

बोटॉक्स म्हणजे सुरकुत्यांचं इंजेक्शन ना? ते डोळ्याला?

सुरकुत्यांसाठी ते नंतर वापरात आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते आधी तिरळेपणावर वापरून पाहिलं, आणि अमेरिकेत 1989 मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि ब्लेफेरोस्पाझम यांच्यासाठीच. आजही या आजारावरचा पहिला उपचार तोच आहे.

बारीक सुईनं डोळ्याभोवती काही ठिकाणी अगदी थोडं औषध टोचतात. डोळ्याच्या आत सुई जात नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, म्हणून स्नायू ढिला पडतो. गुण तीन-चार दिवसांत दिसायला लागतो, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे जातात, आणि साधारण तीन महिने टिकतो. मग पुन्हा घ्यावं लागतं. आजार मुळातून जात नाही, हे आधीच समजून घेतलं तर दुसऱ्या वेळी 'फसवलं' असं वाटत नाही. खर्च हजारांत जातो, म्हणून वर्षात किती वेळा लागेल ते पहिल्याच भेटीत विचारा. सरकारी दवाखान्यात आणि वैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात योजनेच्या खिडकीवरही विचारून बघा.

पापणी थोडी खाली उतरणं, काळंनिळं होणं, क्वचित दोन-दोन दिसणं हे त्रास होऊ शकतात, आणि औषध उतरलं की तेही जातात. रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, स्नायू कमजोर होण्याचा आजार यातलं काही असेल तर सुई लागण्याआधी सांगा. ब्यूटी पार्लरमध्ये हे कधीही घेऊ नका.

इंजेक्शन घेतल्यावर डोळा आणखी कोरडा झाला. म्हणजे चुकलं का?

चुकलं असं नाही. पापणी ढिली पडली की ती पूर्ण मिटत नाही, झोपेत डोळ्याची फट राहते आणि कॉर्निया उघडा पडून सुकतो. म्हणून इंजेक्शनाआधीच पृष्ठभाग सुधारून घ्यावा आणि नंतर काही आठवडे दिवसा थेंब, रात्री जेल किंवा मलम वापरावं. आत्याला पहिल्या इंजेक्शनानंतर हे कुणी सांगितलं नव्हतं. डोळे उघडले म्हणून घर आनंदात होतं, आणि ती मात्र पहाटे तीनला डोळ्यात तिखट गेल्यागत उठून बसायची. दुसऱ्या वेळी रात्रीचं मलम आधीच आणून ठेवलं. पुढच्या वेळी डॉक्टर डोसही कमी-जास्त करतात, म्हणून काय झालं ते तारखेसह लिहून ठेवा.

उन्हाचा त्रास असणाऱ्यांना एफएल-41 नावाची गुलाबीसर काच बरी पडते. घरातही गडद काळा चष्मा लावून बसू नका. अंधाराची सवय लागली की उजेड आणखी बोचतो.

लेकरू सारखे डोळे मिचकावतंय. त्यालाही हेच?

मुलांमध्ये हा आजार सहसा नसतो. नंबर, अ‍ॅलर्जी, पापणीखालचा कण किंवा सवयीचा झटका म्हणजे टिक, यापैकी काही निघतं. तपासून घ्या. 'मिचकावू नको' म्हणून ओरडलं की टिक वाढते.

कुठल्या डॉक्टरांकडं जावं? आणि कन्नडमधून कसं सांगावं?

आधी नेत्रतज्ज्ञाकडं. पृष्ठभाग तपासून घ्या. तरी डोळे मिटतच राहिले तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ. बेळगावात वैद्यकीय कॉलेजांचे दवाखाने आहेत. हुबळी एका बाजूला, कोल्हापूर दुसऱ्या बाजूला, दोन्ही शंभर-एकशेदहा किलोमीटरवर. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. फारच गुंतागुंतीचं असेल तर बंगळूरला निम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची मोठी संस्था आहे.

भाषेची अडचण खरी आहे. सीमाभागात म्हातारी माणसं मराठीत सांगतात, डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, मधला माणूस दोन शब्दांत उरकतो. 'कण्ण अदरताद' म्हटलं की डॉक्टरांना साधी फडफड वाटते. त्यापेक्षा 'एरडू कण्ण ताने मुच्चताव, तेरियाक आगंगिल्ल' म्हणा, म्हणजे दोन्ही डोळे आपोआप मिटतात, उघडता येत नाहीत. मराठीतही लवतो न म्हणता मिटतो म्हणा.

आणि मोबाईलवर व्हिडिओ करून न्या. डॉक्टरांपुढं बसलं, बोलायला लागलं की झटके बऱ्याचदा गायब होतात. उन्हात चालताना, टीव्ही बघताना, ताटावर बसलेलं असताना असं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचं चित्रण पुरेसं आहे. आत्याचं निदान झालं ते तिच्या नातवानं अंगणात केलेल्या अशाच एका व्हिडिओवरून.

गाडी चालवू का?

डोळे आपोआप मिटत असतील तर नाही. ताशी चाळीसच्या वेगानं जाणारी मोटरसायकल दोन सेकंदांत बावीस मीटर पुढं गेलेली असते. विळीवर चिरणं, ऊसतोड, चरकात ऊस घालणं हेही इंजेक्शनाचा गुण येईपर्यंत दुसऱ्याकडं द्या.

थांबू नये असं केव्हा?

डोळा लाल होऊन ठणकतोय, नजर अंधुक झालीय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, तर त्याच दिवशी दाखवा. शेतात उसाचं पान किंवा भाताचं कूस लागल्यानंतर असं झालं तर आणखी लवकर, कारण त्यातून बुरशीचा संसर्ग होतो आणि तो कॉर्निया पोखरतो. अशा डोळ्यात स्टिरॉइडचा थेंब चुकूनही घालू नका, घरात आधीची अर्धी बाटली शिल्लक असली तरी.